नावाऐवजी बोटीचा नंबर: ख्रिसमस आयलंडवरच्या मुलांची चित्रं आणि २०१४ ची चौकशी

ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगानं २०१४ मध्ये एक राष्ट्रीय चौकशी केली. विषय होता इमिग्रेशन डिटेन्शनमध्ये, म्हणजे व्हिसा नसलेल्यांना कोंडून ठेवायच्या केंद्रांत ठेवलेली मुलं, आईवडिलांबरोबर किंवा एकटीच बोटीनं आलेली आणि आश्रय मागणारी मुलं. तिचा रिपोर्ट ‘द फरगॉटन चिल्ड्रन’ या नावानं आला आणि त्यात आकडे, साक्षी, डॉक्टरांची निरीक्षणं यांच्या मधेमधे मुलांनी स्वतः काढलेली चित्रं छापलीयत. मला हे प्रकरण नीट मांडावंसं वाटलं ते याच कारणानं. एरवी अशी चित्रं आपल्यासमोर येतात, आपण हळहळतो, पुढं पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी विसरून जातो. इथं मात्र एका सरकारी आयोगानं ती साक्षीच्या बरोबरीनं ठेवली. चित्र हा पुरावा असू शकतो का, कधी असू शकतो आणि कधी नाही, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगली केस मला तरी माहीत नाही.

आधी पार्श्वभूमी, कारण ती नसेल तर चित्रांतलं काहीच कळणार नाही. ऑस्ट्रेलियात १९९२ पासून नियम असा की व्हिसा नसताना आलेल्या माणसाला डिटेन्शनमध्ये ठेवायचंच. ह्या माणसाला ठेवायची गरज आहे का, हे कोर्टानं केस बघून ठरवायचं नाही, आणि किती दिवस ठेवायचं याला १९९४ पासून कायद्यात मर्यादाही नाही. मूल असलं तरी तेच. याच आयोगानं २००४ मध्ये मुलांवर एक मोठा रिपोर्ट दिला होता, त्यानंतर २००५ मध्ये कायद्यात एक तत्त्व घातलं गेलं की मुलाला डिटेन्शनमध्ये ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय असावा. वाचायला छान आहे, पण पुढं बोटी वाढल्या आणि ते तत्त्व कागदावरच राहिलं. जुलै २०१३ मध्ये डिटेन्शनमधल्या मुलांचा आकडा १,९९२ वर गेला, तेव्हा सरकार लेबर पक्षाचं होतं. १९ जुलै २०१३ ला जाहीर झालं की यापुढं बोटीनं येणाऱ्या कुणालाच ऑस्ट्रेलियात वसवणार नाही, पापुआ न्यू गिनीला पाठवणार, आणि थोड्याच दिवसांत पॅसिफिक महासागरातल्या नाऊरू या छोट्या बेटाच्या देशाशीही तसाच करार झाला. सप्टेंबरमध्ये सरकार बदललं, टोनी अ‍ॅबट पंतप्रधान झाले, बोटी समुद्रातूनच मागं वळवायला लागले आणि नव्या बोटी जवळपास बंद पडल्या. आधी आलेली मुलं मात्र आतच राहिली, आणि त्यांच्या अर्जांचं काम पुढं सरकेना.

३ फेब्रुवारी २०१४ ला आयोगाच्या अध्यक्ष प्रोफेसर गिलियन ट्रिग्ज यांनी चौकशी जाहीर केली. टीम ११ डिटेन्शन सेंटरमध्ये १३ वेळा जाऊन आली, १,१२९ मुलं आणि पालकांशी बोलली, २३९ लेखी निवेदनं आली, ५ जाहीर सुनावण्या झाल्या आणि त्यात ४१ साक्षीदार बोलले. टीमबरोबर बालरोगतज्ज्ञ आणि मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ होते, नुसते वकील नव्हते. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण मुलांच्या चित्रांकडं बघायची सवय आणि त्यातून भलतेच निष्कर्ष न काढायची शिस्त, दोन्ही या लोकांकडं असते.

सगळ्यात जास्त बोललं गेलं ते ख्रिसमस आयलंडबद्दल. नाव गोड आहे, पण हे बेट ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून कुठल्या कुठं, पर्थपासून अडीच हजार किलोमीटरच्याही पलीकडं, इंडोनेशियाच्या जावा बेटाला कितीतरी जवळ. कुटुंबं राहायची ती जहाजाच्या कंटेनरपासून बनवलेल्या खोल्यांत, त्यातल्या बहुतेक ३ मीटर बाय अडीच मीटरच्या. दोन बेड टाकले की लहान मूल रांगायला जागा संपली. बेटावर फॉस्फेटची खाण आहे, तिची धूळ उडायची आणि दम्याच्या पोरांना त्रास व्हायचा. आणि शाळा? वर्षाहून जास्त काळ तिथल्या मुलांना धड शाळाच मिळाली नाही, आयोगानं ही थेट शिक्षणाच्या हक्काची पायमल्ली ठरवली. म्हणजे सात-आठ वर्षांचं मूल, सकाळी उठून कुठं जायचं नाही, काही शिकायचं नाही, खेळायला धूळभरली जागा, आईवडील स्वतःच खचलेले, आणि हे कधी संपणार हे सांगायला कुणी नाही. तुरुंगातल्या कैद्याला निदान सुटकेची तारीख माहीत असते, या मुलांकडं तीही नव्हती.

अशा ठिकाणी मुलांपुढं कागद आणि रंग आले.

चित्रांत काय आहे ते सांगते. गज आहेत, कुंपण आहे, ते एवढ्या चित्रांत आहे की एखाद्यात नसलं तर लक्षात येतं. काही चित्रांत गज थेट चेहऱ्यावरून ओढलेत, म्हणजे माणूस आणि गज वेगवेगळे राहतच नाहीत. डोळ्यांतून खाली येणारे अश्रूंचे थेंब आहेत, बोटी आहेत, तोडक्यामोडक्या इंग्रजीत मदत मागणारे आणि बाहेर काढा म्हणणारे शब्द आहेत. रिपोर्टमध्ये चित्रांखालच्या ओळी कोरड्या ठेवल्यात, कुणी काढलं तर प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलानं, कुठं तर ख्रिसमस आयलंड, वर्ष २०१४, बस. हा कोरडेपणा मला अतिशय योग्य वाटतो. वर जाड अक्षरात भावना ओतलेलं एखादं वाक्य टाकणं सोपं होतं, त्यांनी ते केलं नाही, मुलाची ओळख लपवली आणि संदर्भ मात्र ठेवला.

पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात बोलकी गोष्ट गज नाहीतच. काही मुलांनी चित्राखाली स्वतःचं नाव न लिहिता बोटीचा नंबर लिहिलाय. आलेल्या प्रत्येक बोटीला अक्षरांचा कोड दिला जायचा आणि बोटीतल्या प्रत्येक माणसाला त्यापुढं एक आकडा, हा झाला त्या माणसाचा बोट आयडी. कार्डावर तोच, कामकाजात तोच, कर्मचाऱ्यांच्या तोंडी बऱ्याचदा तोच. टीमला मुलं भेटली तेव्हा त्यातली काही स्वतःची ओळखसुद्धा नंबरानं करून द्यायची. आता विचार करा, चित्र काढून झाल्यावर खाली कोपऱ्यात नाव घालणं ही मूल जवळजवळ आपोआप करतं अशी गोष्ट आहे, त्यात नाटक नसतं, कुणाला काही दाखवायचं नसतं. गज काढायला कुणी शिकवलं असेल अशी शंका घेता येते, पण सहीच्या जागी नंबर लिहायला कोण शिकवेल आणि कशासाठी? मोठ्या माणसांनी मांडलेल्या व्यवस्थेनं मुलाच्या डोक्यात किती आत जाऊन घर केलंय हे त्या कोपऱ्यातल्या आकड्यातून कळतं, आणि ते कळायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

आता थोडं सावधपणाचं, कारण ह्या विषयात लोक फार वाहवत जातात. काळा रंग वापरला म्हणजे मूल डिप्रेशनमध्ये आहे, माणूस छोटा काढला म्हणजे आत्मविश्वास कमी, हात काढले नाहीत म्हणजे अमुक झालं असणार, असली पुस्तकी सूत्रं घेऊन चित्रांचा अर्थ लावणं हे काही खरं नाही. एका चित्रावरून निदान करायच्या पद्धतींवर संशोधकांनी कितीतरी वर्षांपासून टीका केलीय. हातात कुठला खडू आला, शेजारच्या पोरानं काय काढलं, कागद केवढा होता, समोर कोण बसलं होतं, सगळ्याचा परिणाम होतो. एकाच टेबलावर बसलेली दहा मुलं एकमेकांचं बघून गज काढतील हेही अगदी शक्य आहे. म्हणून एकटं चित्र म्हणजे निदान नाही आणि एकटं चित्र म्हणजे आरोपपत्रही नाही. चित्र हे मुलाचं म्हणणं आहे. आणि कुणाचंही म्हणणं आपण तपासतो तसंच ते तपासायचं असतं, इतर ठिकाणांहून तेच ऐकू येतंय का, परिस्थितीशी जुळतंय का.

आयोगानं नेमकं हेच केलं आणि म्हणूनच ही केस भक्कम आहे. डिटेन्शनमधली आरोग्यसेवा सरकारनं नेमलेली एक कंपनी बघत होती, तिचे डॉक्टर मुलांच्या मानसिक त्रासाचं मोजमाप एका ठरलेल्या मोजपट्टीवर करत होते, ही पट्टी ऑस्ट्रेलियातल्या बाकीच्या मुलांसाठीही वापरतात. त्यात २०१४ च्या पहिल्या सहामाहीतल्या आकड्यांनुसार डिटेन्शनमधल्या ३४ टक्के मुलांचा त्रास असा होता की बाहेर असती तर मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात उपचार लागले असते. देशातल्या एकूण मुलांत हेच प्रमाण २ टक्क्यांपेक्षा कमी. जानेवारी २०१३ ते मार्च २०१४ या १५ महिन्यांत मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या १२८ घटनांची नोंद इमिग्रेशन खात्याच्याच कागदांत होती. मुलांचा समावेश असलेल्या हल्ल्यांच्या २३३ नोंदी होत्या. लैंगिक अत्याचाराच्या ३३ तक्रारी, त्यातल्या बहुतेक मुलांशी संबंधित. सरासरी मुक्काम १ वर्ष २ महिने. हे आकडे आणि ती चित्रं शेजारी ठेवली की चित्रांतलं रडणं अतिशयोक्त वाटत नाही, उलट वाटतं की मुलांनी बरंच कमी सांगितलंय.

आकड्यांचीसुद्धा एक गोष्ट आहे. ३१ जुलै २०१४ च्या सुनावणीत त्या आरोग्य कंपनीत मानसिक आरोग्याचे प्रमुख राहिलेले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. पीटर यंग यांनी सांगितलं की मुलांच्या मानसिक त्रासाचे हे आकडे पाहून इमिग्रेशन खातं हादरलं आणि ते रिपोर्टिंगमधून काढून घ्यायला सांगितलं. आता चित्राला खोटं म्हणणं सोपं असतं, पण स्वतःच्याच कंत्राटदाराच्या तक्त्याचं काय करणार?

आणि एक साक्ष तर मला सगळ्यात जड वाटते. लेबर सरकारमधले माजी इमिग्रेशन मंत्री ख्रिस बोवेन आणि त्या वेळचे मंत्री स्कॉट मॉरिसन, म्हणजे दोन विरोधी पक्षांचे दोघं, दोघांनीही शपथेवर मान्य केलं की मुलांना डिटेन्शनमध्ये ठेवल्यानं बोटीनं येणारे लोक किंवा त्यांना आणणारे दलाल थांबत नाहीत. सगळ्या धोरणाला जो नैतिक आधार दिला जायचा तो हाच तर होता की कडक वागलं तर लोक बोटीत बसणार नाहीत आणि समुद्रात मरणार नाहीत. समुद्रात माणसं मरत होती हे खरंच आहे, त्या वर्षांत हजाराहून जास्त माणसं बुडाली, त्यात मुलंही होती, ही काळजी खोटी होती असं मी अजिबात म्हणणार नाही. पण बोटी थांबल्या त्या समुद्रातून परत वळवल्यामुळं असं सरकारच सांगत होतं. मग कंटेनरमध्ये बसलेलं आठ वर्षांचं मूल नेमकं कुणाला थांबवत होतं?

रिपोर्ट नोव्हेंबर २०१४ मध्ये सरकारच्या हातात गेला आणि ११ फेब्रुवारी २०१५ ला संसदेत मांडला गेला. मुख्य मागण्या सरळ होत्या. चार आठवड्यांत सगळी मुलं आणि त्यांची कुटुंबं बाहेर, मुलांच्या डिटेन्शनला कायद्यानं मर्यादा, कुठलंही मूल नाऊरूला पाठवायचं नाही, रॉयल कमिशन, म्हणजे सर्वोच्च दर्जाची सरकारी चौकशी नेमा, आणि एकट्या आलेल्या मुलांना स्वतंत्र पालक द्या. शेवटची मागणी वाचून थबकायला होतं, कारण १९४६ च्या एका कायद्यानुसार एकट्या आलेल्या मुलाचा कायदेशीर पालक म्हणजे इमिग्रेशन मंत्री. डिटेन्शन चालवणारं खातं ज्याचं, मुलाचं हित बघायची जबाबदारीही त्याचीच, हे कुठल्या तर्कात बसतं मला कळत नाही.

सरकारनं चित्रांवर, आकड्यांवर बोलण्याऐवजी आयोगावर बोलायला सुरुवात केली. अ‍ॅबट यांनी चौकशी पक्षपाती ठरवली, म्हणणं असं की लेबरच्या काळात मुलं जास्त होती तेव्हा का नाही केली. या आक्षेपात थोडं तथ्य आहे असं मी मानते, चौकशी २०१३ मध्ये सुरू झाली असती तर बरं झालं असतं, आणि मुलांची संख्या कमी होत चालली होती हेही खरं. पण रिपोर्ट वाचला तर दिसतं की त्यात दोन्ही सरकारांचा काळ धरलाय आणि दोघांनाही दोष दिलाय. शिवाय संख्या कमी होत असली तरी आत राहिलेल्यांचा मुक्काम लांबतच होता, आणि लहान मुलाच्या बाबतीत मुक्काम किती लांबला हेच नुकसान ठरवतं. ट्रिग्ज यांनी पद सोडावं म्हणून दबाव आला, त्यांना दुसरी नेमणूक सुचवली गेल्याची गोष्ट सिनेटच्या समितीपुढं आली, त्यावरून २ मार्च २०१५ ला सिनेटनं अ‍ॅटर्नी जनरल जॉर्ज ब्रँडिस यांच्यावर निंदाव्यंजक ठराव केला. ट्रिग्ज हटल्या नाहीत, २०१७ पर्यंतची मुदत पूर्ण करून गेल्या.

“मुलांना कुणीतरी शिकवतंय” हा आरोप या सगळ्या काळात हवेत होताच. ऑक्टोबर २०१४ मध्ये नाऊरूवर काम करणाऱ्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’ संस्थेच्या १० कर्मचाऱ्यांवर आरोप झाला की ते आश्रय मागणाऱ्यांना निदर्शनं आणि स्वतःला इजा करायला चिथावतात, त्यांना काढूनही टाकलं. पुढं सरकारनंच नेमलेल्या फिलिप मॉस यांच्या चौकशीत या आरोपाला आधार देणारा पुरावा सापडला नाही, त्यानंतरच्या आणखी एका आढाव्यात तर भरपाई द्यावी असं सांगितलं गेलं. मुलांच्या चित्रांवर काम करणाऱ्या प्रत्येकानं हा प्रसंग लक्षात ठेवावा असं मला वाटतं, कारण मूल खोटं बोलतंय असं उघड म्हणणं कुणालाच झेपत नाही, मग मुलाशेजारी बसलेल्या मोठ्या माणसावर संशय घेतला जातो. २०१५ च्या बॉर्डर फोर्स कायद्यानं तर डिटेन्शनमध्ये काम करणाऱ्यांनी आतली माहिती बाहेर सांगितली तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला होता, डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना त्यातून सूट मिळायला सप्टेंबर २०१६ संपत आला. मोठ्यांचं तोंड असं बंद होतं तेव्हा मुलाच्या कागदाचं मोल आणखी वाढतं.

चित्र जगात पुराव्याच्या टेबलावर पहिल्यांदा आलं असंही नाही. २००७ मध्ये सुदानमधल्या दारफूरमधून पळून चाडच्या छावण्यांत आलेल्या मुलांची पाचशे चित्रं ‘वेजिंग पीस’ या ब्रिटिश संस्थेनं गोळा केली आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं ती गुन्ह्यांचा संदर्भ सांगणारा पुरावा म्हणून स्वीकारली. त्यांत हल्ले होते, हेलिकॉप्टर, जळणारी घरं. ख्रिसमस आयलंडच्या चित्रांचा फरक असा की तिथं मागं टाकलेल्या युद्धापेक्षा आश्रय जिथं मागितला ती जागाच जास्त दिसते. इराण, अफगाणिस्तान, श्रीलंका, रोहिंग्यांचं म्यानमार, एवढ्या वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली मुलं आणि चित्रांत मात्र सगळ्यांचं कुंपण एकच. ही गोष्ट नजरेतून सुटू नये. ‘आधीच्या आघातामुळं मुलं अशी झालीत’ हे स्पष्टीकरण काही अंशी खरं असेलही, पण मग मुलांनी तो आघात काढला असता. त्यांनी काढलंय ते समोरचं.

पुढं काय झालं? डिसेंबर २०१४ मध्ये आश्रयाच्या कायद्यातल्या बदलांवर सिनेटमध्ये मतदान होतं, सरकारला छोट्या पक्षांची मतं हवी होती, आणि त्या सौद्यात ख्रिसमस आयलंडवरची मुलं बाहेर काढायचं कबूल झालं. म्हणजे मुलं सुटली ती रिपोर्ट जाहीर व्हायच्या आधी, राजकीय देवाणघेवाणीत. यावरून रिपोर्ट वाया गेला म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही, त्या वर्षी सुनावण्या झाल्या होत्या, साक्षी बातम्यांत येत होत्या, त्याचा दबाव नसता तर मुलं सौद्यात आलीच नसती. एप्रिल २०१६ मध्ये सरकारनं सांगितलं की ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर डिटेन्शनमध्ये आता एकही मूल नाही. नाऊरूवरची मुलं मात्र राहिली. तिथं आयोगाला जाऊच दिलं नव्हतं, तिथल्या मुलांची बाजू आली ती तिथं काम करून आलेल्यांच्या साक्षींतून. २०१८ पर्यंत तिथल्या काही मुलांनी खाणं, बोलणं, अंथरुणातून उठणं बंद केलं होतं, डॉक्टर आणि वकिलांनी कोर्टात जाऊन एकेक मूल ऑस्ट्रेलियात आणवलं, आणि शेवटची मुलं तिथून निघाली फेब्रुवारी २०१९ मध्ये. चौकशी जाहीर झाल्यापासून पाच वर्षं.

हीच केस पुढं वापरायची असेल तर, मुलांचं चित्र घेताना काय लिहून ठेवायचं हे आधी ठरवा. वय, तारीख, ठिकाण, मुलाला नेमकं काय विचारलं होतं, त्या वेळी खोलीत कोण होतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मूल स्वतः चित्राबद्दल काय म्हणालं, ते त्याच्याच शब्दांत, त्याच्या भाषेत. छापील रिपोर्टमध्ये वय, ठिकाण, वर्ष येतं पण चित्राशेजारी मुलाचं त्या चित्राबद्दलचं बोलणं फारसं येत नाही, आणि ती उणीव मला सतत जाणवते. ओळख लपवणं गरजेचं होतं हे मान्यच, पण नाव झाकूनही बोलणं ठेवता आलं असतं. दुसरं म्हणजे चित्राची प्रत मुलाकडं राहिली पाहिजे, आणि मोठं झाल्यावर मूळ चित्र परत मागायची किंवा जाहीर वापर थांबवायला सांगायची सोय हवी. २०१४ मध्ये आठ वर्षांची असलेली मुलं आता सज्ञान झालीयत, चित्रं त्यांची आहेत, आणि त्यांचं काय करायचं ते आता त्यांनाच विचारता येतं.